रोजची भाकर

नागलीचं रोप आधी राबावर उगवतं. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि फांद्या जाळून भाजलेल्या काळ्या जमिनीवर पहिल्या पावसानंतर हिरवी लव धरते. मग ती रोपं उपटून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर, वरकस जमिनीत लावायची. सुगीला कणसं घरात येतात, तेव्हा वारली पाड्यांवर कणसरीची आठवण होते. कणसरी ही धान्याची देवी. भगत मांडीवर घांगळी घेऊन बसतो आणि तिची कथा गातो. समोर पोथी नसते, कुठे कागदही नसतो. शेजारच्या पाड्यावरचा भगत हीच कथा थोड्या वेगळ्या वळणानं गातो, एखादा प्रसंग वाढवतो, एखादा गाळतो. म्हणून त्यांतली एक खरी आणि दुसरी खोटी असं तिथे कुणी म्हणत नाही.

याच पालघर जिल्ह्यात ख्रिस्ती घरंही आहेत. तिथल्या सर्वांत ओळखीच्या प्रार्थनेतही धान्य आहे. येशूनं शिष्यांना शिकवलेल्या त्या छोट्याशा प्रार्थनेत देवाकडे भाकर मागितली आहे. मराठी बायबलमध्ये शब्द हाच आहे : भाकर.

हा शब्द मी कितीतरी वेळा ऐकला होता. एकदा मात्र मोखाड्यातल्या एका घरी चुलीवरून उतरलेली नागलीची भाकर समोर आली आणि मनात आलं, की येशूच्या गालीलात नागली नव्हती, असली भाकरही नव्हती. मग हा शब्द तिथून इथवर आला कसा? त्याच्या वाटेनं मागे मागे जात राहिलं, की बायबल नावाचा ग्रंथ कसा घडला हे जवळजवळ सगळंच दिसू लागतं. पाच-सहा वाक्यांची प्रार्थना आणि तिच्यातला एक घास, पण त्यावर दोन हजार वर्षांच्या हातांचे ठसे आहेत.

आधी होता आवाज

येशूनं स्वतः लिहिलेलं असं काहीही आपल्यापर्यंत आलेलं नाही. तो बोलत असे ती भाषा अरामी, हिब्रूची सख्खी बहीण. अरामीत भाकरीला म्हणतात 'लहमा' आणि हिब्रूत 'लेहेम'. येशूचं जन्मगाव म्हणून सांगितलेलं बेथलेहेम म्हणजे 'बेथ-लेहेम', भाकरीचं घर. अरबीत याच धातूपासून आलेल्या 'लहम' या शब्दाचा अर्थ मात्र मांस. ज्याचं जे मुख्य अन्न, त्याला तो शब्द चिकटला.

येशूला क्रूसावर दिलं ते इ.स. ३०च्या सुमारास. नव्या करारातलं सर्वांत जुनं लेखन म्हणजे पौलाची पत्रं. ती साधारण इ.स. ५०पासूनची, आणि भाषा ग्रीक. येशूची कथा सांगणारी शुभवर्तमानं त्याहून उशिराची. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क इ.स. ७०च्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान शतकाच्या अखेरीस. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं येशूच्या गोष्टी, दाखले आणि ही प्रार्थना मुख्यतः तोंडातोंडीच फिरत होती. ऐकणाऱ्यांत वाचता येणारे थोडे होते. ज्यांनी येशूला पाहिलं-ऐकलं होतं ती माणसं अजून हयात होती, आणि जगाचा शेवट जवळ आला आहे असं अनेकांना वाटत होतं. मग लिहायचं कुणासाठी? ती पिढी मावळू लागली, तशी लेखणी उचलली गेली.

लिहितानाही अरामी बोलीचे काही शब्द ग्रीक वाक्यांत तसेच राहून गेले. 'अब्बा' म्हणजे बाबा, हा त्यांतला सर्वांत हळवा शब्द. भाषांतर करणाऱ्याला तो बदलवेना. आजही तो अनेक भाषांच्या बायबलांत जसाच्या तसा भेटतो, जणू एका माणसाचा आवाज वीस शतकं ओलांडून पोचला आहे.

प्रार्थना लिहिली गेली, पण एकाच रूपात नाही. मत्तयातली लांब आहे, लूकमधली आखूड. मत्तयाचा येशू भाकर 'आज' दे म्हणतो, लूकचा येशू 'दररोज' दे म्हणतो. तिसरं रूप 'दिदाखे' नावाच्या छोट्या पुस्तकात आहे. दिदाखे म्हणजे शिकवण. हे पुस्तक साधारण इ.स. १००च्या आसपासचं मानतात. शतकानुशतकं हरवलेलं हे पुस्तक १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका जुन्या हस्तलिखितात सापडलं. त्यात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे, आणि शेवटी देवाच्या सामर्थ्याचं आणि गौरवाचं स्तुतिवाक्य जोडलेलं आहे. एकाच कणसरीची कथा तीन पाड्यांवर तीन प्रकारे गावी, तसंच हे झालं.

त्याहून जुना थर

'दररोजच्या भाकरी'ची कल्पना येशूच्याही आधीची आहे. निर्गम या पुस्तकात इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक वाळवंटात उपाशी आहेत आणि आकाशातून मान्ना उतरतो. अट एकच : त्या दिवसापुरताच गोळा करायचा. जास्त साठवला की त्यात किडे पडतात. प्रार्थनेतल्या त्या मागणीमागे ही आठवण उभी आहे.

बायबल हा शब्द ग्रीक 'बिब्लिया'वरून आला. त्याचा अर्थ 'पुस्तकं', अनेकवचनी. एका बांधणीत बसवलेलं ते ग्रंथालयच आहे. त्यातला जुना करार घडायला शेकडो वर्षं लागली. उत्पत्तीचं पहिलं पान उघडलं की सृष्टीची एक कथा भेटते : सहा दिवस, आणि शेवटी स्त्री-पुरुष एकत्र निर्माण होतात. पान उलटलं की दुसरी कथा सुरू होते : आधी मातीपासून पुरुष, मग प्राणी, मग स्त्री. पहिल्या कथेत देवाचं नाव 'एलोहीम', दुसरीत 'यहोवा एलोहीम'. जलप्रलयाच्या कथेत एका ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी नावेत घ्यायची आहे, तर दुसऱ्या ठिकाणी शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. जर्मन अभ्यासक यूलियुस वेलहाउझेन यांनी १८७८च्या सुमारास असे धागे मोकळे करून दाखवले, की इथे वेगवेगळ्या काळांतले अनेक कथनप्रवाह एकत्र विणलेले आहेत. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे पुष्कळ बदलले. विणकाम मात्र नाकारता येत नाही. मला सर्वांत थक्क करतं ते हे, की विणणाऱ्यांनी दोन्ही कथा ठेवल्या. एक पुसून दुसरी ठेवणं सोपं होतं. पण पूर्वजांकडून आलेलं टाकायला त्यांचं मन धजावलं नाही.

१८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ यांनी मातीच्या एका पाटीवरचा बॅबिलोनी लेख वाचला. त्यातही महापूर, नाव आणि जमीन शोधायला सोडलेले पक्षी होते. इस्राएलच्या कथा शेजाऱ्यांच्या कथांशी बोलत वाढल्या होत्या. मग इ.स.पू. ५८६च्या सुमारास बॅबिलोनी सैन्यानं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि लोकांना धरून नेलं. जुन्या करारातला पुष्कळ भाग या आघाताच्या आगेमागे संकलित झाला असं अभ्यासक मानतात. मंदिर आणि गाव गेल्यावर आठवण लिहून ठेवावी लागते. श्रद्धाही तिथेच रुंदावली. आपल्या मुलखाचा देव परक्या मुलखातही ऐकतो का, या प्रश्नातून 'देव साऱ्या जगाचा एकच' हा विचार ठाम होत गेला.

आणि पुस्तकाशिवाय आठवण किती टिकते? याचं उत्तर आपल्याच कोकणात आहे. अलिबागकडचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ हिब्रू धर्मग्रंथ नव्हता. होता शब्बाथ, सुंता आणि 'शेमा'ची प्रार्थना. बिनखमिराच्या भाकरीचा वल्हांडण सण ते पाळत. पण आंबवलेली रोटी इथे कुठे होती? मग त्या दिवसांत ते घरातल्या आंबट पदार्थाचं भांडं झाकून ठेवत, आणि त्या झाकण्यावरूनच सणाला नाव पडलं. नियमातली वस्तू हरवली तरी नियम जगला. पुढे १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, आणि या लोकांना आपला ग्रंथ पुन्हा मूळ भाषेत वाचण्याची वाट मिळाली.

जो शब्द कुणालाच नक्की कळत नाही

आता प्रार्थनेतल्या 'रोजची'कडे येऊ. ग्रीक मुळात तिथे 'एपिउसिओस' असा शब्द आहे. तो मत्तयात आहे, लूकमध्ये आहे आणि दिदाखेतही आहे. त्याआधीच्या ग्रीक वाङ्मयात तो कुठेच नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन हा महापंडित ग्रीक ही आपली भाषा म्हणून बोलत होता. त्यानंही लिहून ठेवलं, की हा शब्द विद्वान वापरत नाहीत, सामान्य लोक बोलत नाहीत. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधल्या एका पपायरसवरच्या किराणा-खर्चाच्या यादीत हा शब्द सापडला असं वाटलं होतं. शतकभरानंतर तो तुकडा पुन्हा तपासला, तेव्हा तिथे 'तेल' असा शब्द निघाला.

शब्द फोडून पाहिला तर अर्थ निरनिराळे निघतात : आजच्या दिवसापुरती, जगण्याला लागणारी, येणाऱ्या दिवसाची. जेरोमनं इ.स. ३८२च्या सुमारास लॅटिन बायबलचं काम हाती घेतलं. त्यानं लूकमध्ये या शब्दासाठी 'दररोजची' लिहिलं आणि मत्तयात त्याच शब्दासाठी 'द्रव्यापलीकडची' अशा अर्थाचा शब्द योजला. हिब्रू परंपरेच्या एका शुभवर्तमानात या जागी आपल्याला 'महर', म्हणजे 'उद्याची', असा शब्द मिळाल्याचंही त्यानं नोंदवलं. 'द्रव्यापलीकडची' भाकर म्हटलं की वाचणाऱ्याला वेदीवरची पवित्र भाकर दिसू लागते. 'दररोजची' म्हटलं की घरातली चूल दिसते. एका विशेषणाच्या निवडीवर उपासनेचा अर्थ इकडून तिकडे सरकतो.

नकलाकाराचा हात

छापखाना नव्हता तोवर प्रत्येक पोथी हातानं उतरायची. ग्रीक नव्या कराराची पाच हजारांहून जास्त हस्तलिखितं आज आपल्या हाती आहेत आणि त्यांत असंख्य पाठभेद आहेत. जुन्या ग्रीक पोथ्यांत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. मोडी वाचणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. दोन ओळींचा शेवट सारखा असला की उतरणाऱ्याची नजर घसरते आणि मधली ओळ गळते. समासातली टीप पुढच्या प्रतीत मजकुरात शिरते.

सीनाय डोंगराच्या पायथ्याच्या मठात जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फ यांना १८४४पासून ज्या चौथ्या शतकातल्या पोथीची पानं मिळत गेली, तिला कोडेक्स सिनायटिकस म्हणतात. तिच्यात लूकमधली प्रार्थना नुसत्या 'पित्या' या हाकेनं सुरू होते. नंतरच्या पुष्कळ प्रतींत तिथे मत्तयासारखी लांब सुरुवात आली. कारण उमगलं की त्या अनाम नकलाकाराबद्दल माया वाटते. मत्तयाची प्रार्थना त्याला लहानपणापासून पाठ होती. डोळे आखूड वाक्य वाचत होते, हात मात्र पाठ असलेलं लिहून गेला. मत्तयाच्या प्रार्थनेअखेरचं स्तुतिवाक्यही सिनायटिकसमध्ये नाही. लोक ते प्रार्थनेत म्हणत होते, म्हणून ते पोथीत उतरलं. आज कित्येक आवृत्त्यांत ते कंसात किंवा तळटीपेत असतं.

हे काम मराठी वाचकाला परकं नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. तीनशे वर्षांत तिच्यात इतके पाठभेद शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी तिच्यात आपली ओवी मिसळू नये असं बजावलं. बायबलचे अभ्यासक आज तेच करतात. प्रतीमागून प्रत ताडतात. दोन पाठांतला अवघड पाठ बहुधा जुना धरतात, कारण उतरणारा माणूस अवघड शब्द सोपा करतो. सोपा शब्द मुद्दाम अवघड करत नाही.

पण याची दुसरी बाजूही तितकीच नवलाची आहे. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत एका गुराखी मुलाला मातीच्या रांजणांत गुंडाळ्या मिळाल्या. त्यांत यशयाचं अख्खं पुस्तक होतं, सात मीटरहून लांब, येशूच्याही शंभरेक वर्षं आधीचं. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ते साधारण हजार वर्षांनी जुनं निघालं. शेजारी ठेवून वाचलं तेव्हा शब्दलेखनाचे आणि काही शब्दांचे फरक खूप दिसले, पण पुस्तक तेच होतं. हजार वर्षं, कितीतरी हात, आणि तरी तेच पुस्तक.

यादी आणि श्रद्धा

कोणती पुस्तकं प्रमाण मानायची, हे कुण्या एका सभेत एका दिवशी ठरलं नाही. गावोगावच्या मंडळ्या जे वाचत होत्या त्यातून ते हळूहळू निवळत गेलं. आजच्या नव्या करारातली २७ पुस्तकं, तेवढीच आणि तीच, अशी यादी आपल्याला प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ.स. ३६७च्या पत्रात. त्याच पत्रात तो सांगतो, की दिदाखे नवशिक्यांना वाचायला चांगलं, पण प्रमाणग्रंथांत नाही. प्रार्थनेचं तिसरं रूप जपणारं पुस्तक असं उंबरठ्यावर राहिलं. आजही बांधणी सगळीकडे एक नाही. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलात ७३, आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत ८१ मोजतात.

श्रद्धेची भाषाही अशीच घडली. येशू देवाला बाप म्हणत होता. मग त्या बापाचं आणि या पुत्राचं नातं नेमकं काय? पुत्र निर्माण झालेला, की अनादी? अरियस नावाच्या धर्मगुरूनं पहिला पक्ष घेतला आणि वाद पेटला. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईननं आजच्या तुर्कस्तानातल्या निकिया गावी सुमारे तीनशे बिशपांची सभा भरवली. तिथे शब्द ठरला 'होमोउसिओस' : एकाच सत्त्वाचा. हा शब्द बायबलात नाही. तरीही बायबलात जे वाचलं त्याचा अर्थ धरून ठेवायला त्यांना तो लागला. त्यातला 'उसिया', सत्त्व, तोच शब्द भाकरीच्या 'एपिउसिओस'मध्येही आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनं पवित्र आत्म्याविषयीची श्रद्धा अधिक स्पष्ट केली, आणि त्रैक्याचा सिद्धांत आज दिसतो तसा उभा राहिला. सामान्य माणसाच्या प्रार्थनेतली 'बाबा' ही हाक आधीची, तिचं तत्त्वज्ञान तीन शतकांनंतरचं.

मराठीच्या परातीत

मग हा ग्रंथ आपल्याकडे आला. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघी धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि मराठीच्या प्रेमात पडले. १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यात त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या आहेत त्यात, आदामापासून येशूपर्यंत. लिपी रोमन, भाषा मराठी. पुराण हा घाट आणि ओवी हा छंद आला की कथाही मराठी श्वासानं चालू लागते. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं.

पुढे श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी पंडित वैद्यनाथ यांच्या साहाय्यानं मराठी नवा करार सिद्ध केला. तो १८११ मध्ये निघाला. मुंबईत १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनच्या गॉर्डन हॉल यांनी भाषांतरात आयुष्य घातलं आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात ते पटकीनं गेले. त्याच वर्षी त्या मिशनचा नवा करार पुरा झाला. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये हाती आलं. पण संस्कृतात वाढलेल्या पंडिता रमाबाईंना ती भाषा खेड्यातल्या बाईसाठी अवघड वाटली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या मराठीत आणत अख्खं बायबल त्यांनी एकटीनं उतरवलं. खिळे जुळवायला आणि छपाईला आश्रमातल्याच बाया होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कवी नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे जात त्याला माउली केलं. आणि आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहून ही परंपरा एकविसाव्या शतकात आणली.

भाषांतरकारांसमोर 'पाव' हा तयार शब्द होता. पोर्तुगिजांच्या 'पांव'वरून तो आधीच इथल्या तोंडी बसला होता, आणि गहू-खमिराच्या दृष्टीनं तो मुळाला जवळचाही होता. तरी मराठी बायबलनं भाकर घेतली. वस्तू जुळवण्यापेक्षा भूक जुळवणं त्यांना महत्त्वाचं वाटलं असणार.

मोखाड्यात हा शब्द पोचतो तेव्हा त्यात काय काय मिसळतं! जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२च्या सुमारास कुपोषणानं लेकरं गेली आणि सारा महाराष्ट्र हादरला. इथल्या कणगीतली नागली वर्षभर पुरत नाही. दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलूप लागतं आणि माणसं वीटभट्टीवर, रेतीवर, शहराकडे निघतात. ज्या ग्रीक शब्दानं ओरिगेनला आणि जेरोमला अडवलं, त्याचे सगळे अर्थ त्या घरांत रोज जगले जातात. आजची भाकर म्हणजे परातीत आहे ती. जगण्यापुरती म्हणजे पोराच्या वाट्याला येईल तेवढी. उद्याची म्हणजे जिच्यासाठी गाव सोडायचं ती.

अभ्यासकांचा तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. गालीलातल्या उपाशी माणसांसमोर उच्चारलेला तो शब्द अरामीतून ग्रीकमध्ये, ग्रीकमधून कितीतरी हातांत आणि शेवटी मराठीच्या परातीत आला. प्रत्येक हातानं त्याला थोडा आपला आकार दिला, जसा भाकर थापणारा प्रत्येक हात देतो. ठसे मोजायला बसलं की ग्रंथाचा इतिहास कळतो. शेजारी कणसरीची घांगळी वाजत असते. तिच्या कथेत, या प्रार्थनेत आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या हातात मागणं एकच असतं, की दाणा घरात यावा आणि उद्याही यावा.